तव्यावरचं झटपट चिकन, द्राक्षं आणि काजू घालून जमेल का?

शाहूपुरीची सून:
नमस्कार मंडळी. मी ऑफिसातून घरी पोचते तेव्हा साडेसात वाजलेले असतात. बुधवारी आणि शुक्रवारी आमच्याकडं चिकन ठरलेलं. रस्सा करायचा म्हटलं की खोबरं भाजणं आलं, वाटण आलं, मग पानं घ्यायला दहा. रविवारचा तांबडा-पांढरा आहे तसा राहू दे, पण मधल्या वारी एकाच तव्यात अर्ध्या तासात होईल असं काहीतरी हवंय. माहेर चंदगडकडचं असल्यानं काजूचा डबा भरलेला असतो. आणि सध्या कपिलतीर्थ मार्केटात द्राक्षांचे ढीग लागलेत, म्हणून डोक्यात आलं की दोन्ही चिकनमध्ये घालावं. फळाला पाणी सुटून चिकन पांढरंफटक उकडल्यासारखं होतं का? काजू कधी घालायचे? सासूबाईंना गोडसर चिकन चालणार नाही, ते कसं सांभाळायचं? घरात बिडाचा खोलगट तवा आहे. खाणारे चौघे.

कळंब्याची काकू:
अगं, जमेल आणि छान जमेल. फक्त एक गोष्ट धरून ठेव: द्राक्ष चिकनबरोबर शिजवायचं नाही. चिकन पूर्ण झाल्यावर त्याला दोन मिनिटं तव्याची झळ द्यायची. तुझ्या पाण्याच्या आणि गोडाच्या दोन्ही शंका तिथंच मिटतात.

चिकनवाल्याकडं लेगचं बोनलेस माग, सहाशे ग्रॅम. छातीचा भाग घाईत कोरडा पडतो, लेग थोडं मागंपुढं झालं तरी मऊ राहतं. तुकडे मोठे ठेव, एका लेगचे दोनच. धुतलंस की स्वच्छ कापडानं चांगलं टिपून घे. हे काम सगळे टाळतात आणि मग तव्यावर पाणी सुटतं, दोष फळाला देतात. मीठ, हळद, आलं-लसूण आणि भरडलेली मिरी चोळून ठेव, तेवढ्यात कांदा चिरून होतो. दही घालू नकोस, ओलं चिकन तव्यावर रंग धरत नाही.

आधी मंद आचेवर चमचाभर तुपात पाव वाटी काजू परत. कडा बदामी दिसल्या की लगेच ताटलीत काढ, काजू स्वतःच्या गरमीनं पुढंही रंग घेतात. आता त्याच तव्यात दोन चमचे शेंगदाणा तेल, आच मोठी, आणि तुकडे सुटे सुटे मांड. गर्दी करू नकोस, मावत नसतील तर दोन घाण्यात कर. मग हात लावायचा नाही. पहिल्यांदा उचलायला गेलीस तर चिकटलेलं असेल, ओढू नकोस. चारेक मिनिटांनी खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपणच तवा सोडतो. उलटव, आच मध्यम कर, आणखी पाच-सहा मिनिटं दे. सगळ्यात जाड तुकडा कापून बघ: आतला रस पारदर्शक हवा, गुलाबी झाक नको. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत 74 अंश सेल्सिअस दिसायला हवं. चिकन काढून झाकून ठेव.

तव्याला जे तांबूस चिकटलेलं असतं त्यात खरी चव आहे, ते धुऊन टाकू नकोस. त्यात एक मोठा कांदा उभा चिरून घाल, गुलाबी झाला की अर्धा चमचा आपली कांदा-लसूण चटणी आणि पाव वाटी गरम पाणी. उलथन्यानं तळ खरवड. चटणीत मीठ असतं, तेव्हा वरून घालायच्या आधी चाखून बघ. रस दाटला की चिकन परत तव्यात आणि वरून वाटीभर द्राक्षं, अर्धी केलेली. सालीला सुरकुत्या पडल्या, एखादं फुटून रस तव्यात उतरला की गॅस बंद. काजू आणि कोथिंबीर सगळ्यात शेवटी.

सासूबाईंसाठी थोडी आंबट द्राक्षं निवड, घेताना एक खाऊन बघ. वर अर्धं लिंबू पिळ. आंबट आणि तिखट पुढं आलं की गोड मागं राहतं. आणि त्या विचारतील, चिकनमध्ये काजू कशाला? तर पांढऱ्या रश्श्यात काजू आणि खसखस वाटून घालतोच की आपण! इथं फक्त काजू आख्खे आहेत.

बिडाच्या तव्यात जेवण ठेवू नकोस. लिंबू-द्राक्षाचं आंबट त्यात राहिलं की लोखंडाची चव उतरते आणि तव्यावर मुरलेला तेलाचा थरही जातो. झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ. सोबत भाकरीपेक्षा चपाती बरी, कारण रस कमी असतो.

तासगावकर:
काकूंनी सगळंच सांगितलंय, मी बेदाण्यापुरतं बोलतो. हंगाम संपला की द्राक्षाच्या जागी बेदाणा चालतो, पण धुऊनच घ्या. वाळत घालण्याआधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळं ती लवकर वाळतात. कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, मग दहा मिनिटं भिजवा. कोरडा बेदाणा तापल्या तव्यात टाकला तर साखर करपून कडू होतो. आणि बेदाणा द्राक्षापेक्षा फार गोड, म्हणून वाटीच्या जागी दोन मोठे चमचे पुरेत. वडिलांना साखरेचा त्रास असल्यानं आमच्यात तेवढाही त्यांच्या वाट्याला घालत नाही, तव्यातच वेगळा भाग करतो.

गंगावेस:
अननस चालेल का? मुलांना आवडतो.

कळंब्याची काकू:
चालेल, पण चोळून ठेवताना घालू नका. न शिजवलेल्या अननसात मांस विरघळवणारा घटक असतो, चिकन जास्त वेळ त्यात राहिलं तर वरून पिठासारखं होतं. कच्च्या पपईचंही तसंच, म्हणून तर जून मटणाला ती थोडीच लावतात. अननसाचे छोटे तुकडे वेगळे तव्यावर लाल होईपर्यंत परता आणि शेवटी मिसळा, गरमीनं तो घटक निकामी होतो. सफरचंदही चांगलं, मात्र कडक आणि आंबटसर घ्या, मऊ असेल तर लगदा होतो.

शाहूपुरीची सून:
काकू, मनापासून आभार. काल केलं. दोन घाण्यात केल्यामुळं पाऊण तास लागला, पण तुकड्यांना रंग काय सुरेख आला! सासूबाईंनी द्राक्षं आधी बाजूला सारली, मग एक खाल्लं आणि लिंबाची फोड मागून घेतली. मुलानं तव्यातला कांदा चपातीनं पुसून खाल्ला. शुक्रवारी काजूऐवजी शेंगदाणे घालायचा विचार आहे. ते तुपात परतायचे की कोरडे भाजायचे?

कळंब्याची काकू:
कोरडे भाज, मंद आचेवर, सालं काढ आणि जाडसर कुट. आख्खे घातलेस तर रसात मऊ पडतात. कुटातलं अर्धं कांद्याबरोबर घाल, रस दाट होईल, उरलेलं वरून भुरभुर.