कसब्यातला वाडा : आहे तसा विकावा की विकसनाला द्यावा?

मंडळी, शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, कसब्यात आमचा वाडा आहे. दगडी जोतं, सागवानी सांगाडा, मधे भाजक्या विटा. दोन मजले, एक चौक, कात्रजच्या पाण्याचा हौद (सध्या त्यात मोडकी सायकल आणि कुणाची तरी पाण्याची टाकी). १९६१ ला पानशेतच्या पुरात मागची भिंत बसली, ती आजोबांनी नव्यानं बांधून घेतली. वाड्यात ओळंब्यात असलेली तेवढीच एक भिंत!

राहायला एकटी आत्या. आम्ही कोथरूडला, काका सिंहगड रोडला, चुलतभाऊ अमेरिकेत. भाडेकरू तीन; त्यातल्या एकाच्या खोलीला वर्षानुवर्षं कुलूप, पण महिन्याचे पंचाहत्तर रुपये बिनचूक येतात.

फडके हौदापाशी मेट्रो सुरू झाल्यापासून (सप्टेंबर २०२४) दलाल पिच्छा सोडत नाहीत. चार घरं पलीकडे वाडा जाऊन पाच मजले उभे राहिलेत, खाली मोबाईलचं दुकान. एक बिल्डर म्हणतो, "आहे तसा द्या, भाडेकरू माझ्यावर सोडा." दुसऱ्याला विकसन करारनामा हवाय (वाडा पाडून इमारत तो बांधणार, त्यात आम्हाला हिस्सा). आत्या आज म्हणते "मी गेल्यावर काय तो घाला गोंधळ", आणि उद्या विचारते, लिफ्ट देणार का. मला स्वतःला वाड्याचं फार कौतुक नाही, पावसाळ्यात पातेली मांडण्यात बालपण गेलंय. पण फुकापासरी जाऊ नये. काय करावं?

पेठकर
दर नंतर, आधी अंतर मोजा. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. पुढचे २०० मीटर परवानगीनं. २०१० च्या कायदादुरुस्तीपासून हे फार कडक झालंय. शंभराच्या आत असाल तर १६ जून १९९२ च्या आधीच्या घराची दुरुस्ती परवानगी काढून करता येते, पाडून इमारत नाही. मग विकसन करारनामा हा नुसता कागद. चार घरं पलीकडे पाच मजले झाले म्हणून तुम्हालाही मिळतील असं नाही. तो नकाशा कधी मंजूर झाला आणि ते घर हद्दीच्या कुठल्या बाजूला आहे, ते पाहा. अंतर डोळ्यानं धरू नका, मोजणी करून घ्या.

कायदेकाकू
"भाडेकरू माझ्यावर सोडा" म्हणणाऱ्याला भावात जबर घट धरायचीय, एवढाच त्याचा अर्थ. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, वाडा विकला तरी भाडेकरू तिथंच राहतात. पण कुलूपवाल्याचं वेगळं. सबळ कारण नसताना लागोपाठ सहा महिने जागा वापरात नसेल तर ताबा मागता येतो. वीजबिलं, शेजाऱ्यांचं म्हणणं, सगळं आत्ताच गोळा करा. नुसतं भाडं येतं म्हणून वापर सिद्ध होत नाही.

आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) कोणाकोणाची नावं आहेत? आत्यांचं नाव नसेल तर आधी ते लावा. आत्या राहतायत म्हणून फक्त त्यांची "समजूत काढायची" असं कृपा करून करू नका. त्यांचा हिस्सा आहे, त्यांच्याशी हिशेबानं बोला.

प्रश्नकर्ता
काकू, आत्याला हे वाचून दाखवलं. सकाळपासून भाव तीच सांगतेय.

आकडेमोड
कराचं विसरू नका. जुन्या वास्तूला १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदीमूल्य म्हणून धरता येते, सरकारी दराच्या मर्यादेत. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल वाडा उभा असतानाच घ्या. इथं राहणाऱ्यांना विक्रीच्या नफ्यावर साडेबारा टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून वीस टक्के, यातलं कमी बसेल ते निवडता येतं. अमेरिकेतल्या भावाला ती निवड नाही, शिवाय खरेदीदार पैसे देतानाच जो कर कापतो, तो त्याच्या हिश्श्यातून इथल्यांसारखा १ टक्का नाही, बराच जास्त कापेल. कमी कापण्याचा दाखला त्यानं व्यवहाराआधी काढावा, नाहीतर परताव्याची वाट बघत बसेल.

जुनंलाकूड
एक राहिलं. तुळया, खांब, कडीपाट, दिंडी दरवाजा यांची मोजमापासकट यादी करा, फोटो काढा. जुन्या सागाला चांगला भाव येतो आणि बिल्डर "राडारोडा आम्ही उचलू" म्हणून तो गुपचूप नेतात. करारात लिहा : लाकूड, घडीव दगड आणि हौदाची चिरेबंदी मालकाची. उतरवायला माणसं तुम्ही लावा.