रियुनियन बेट: 2007 च्या लाव्हानं वाढलेली जमीन टिकेल का?

वाईकर_तात्या:
मॉरिशसला मुलाकडे आलोय, तिथून चार दिवस रियुनियनला जाऊन आलो. ट्रांब्लेजवळ एप्रिल 2007 चा लाव्हा पाहिला. पितों द ला फुर्नेझ या ज्वालामुखीतून निघून हमरस्ता गिळून थेट समुद्रात उतरलेला. काळाकुट्ट, पायाखाली खडखड वाजणारा. फटींतून नेचे, दगडांवर गोड्या मसाल्यातल्या दगडफुलासारखं करडं काहीतरी. ड्रायव्हर म्हणाला, "इथं आधी मासे होते." ही जमीन टिकेल का? आणि त्याच बेटावर माफातच्या दऱ्या एवढ्या खोल, त्याही ज्वालामुखीनंच पाडल्या का?

काळा_कातळ:
तात्या, लाव्हा पाण्यात पडला की तडकून त्याचा काचेसारखा चुरा होतो. तो समुद्राखालच्या उतारावर साचतो आणि मागून येणारा लाव्हा त्यावर पसरतो. वर पक्की फरशी, खाली सैल भराव. लाटा भराव ओढून नेतात, मग फरशीची कड काही न सांगता कोसळते. आतला भाग राहील, कड समुद्र खात राहणार.

माफात मात्र पावसाचं आणि दरडींचं काम. तो भाग पितों द नेज या बेटावरच्या जुन्या ज्वालामुखीचा. 3 हजार मीटरहून उंच, हजारो वर्षं थंड पडलेला. जानेवारी 1980 मध्ये हायसिंथ चक्रीवादळात या बेटावर कोमर्सनला 15 दिवसांत 6 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. महाबळेश्वरचा अख्खा पावसाळा पंधरवड्यात! डोंगर किती दम धरणार?

पोर्टलुईकर:
2007 ला माथ्यावरही गंमत झाली होती. लाव्हा खालच्या अंगानं वाहून गेला, शिखराखालची कोठी रिकामी झाली आणि डोलोमिउ विवराचा तळ 300 मीटरहून जास्त खचला. किनाऱ्याला बेट वाढलं, डोक्याला खड्डा पडला.

आमचं मॉरिशसही रियुनियनच्याच तप्तस्थानावर (खोलवरून तप्त खडक वर येत राहतो ती जागा, वरची जमीन सरकली तरी ती जवळपास तिथंच राहते) वर आलेलं, पण 80 एक लाख वर्षांपूर्वी. आता झिजून सर्वांत उंच शिखर जेमतेम 828 मीटर, भोवती पोवळ्यांचं कडं. आणि तात्या, तुमच्या पाचगणीचा कातळसुद्धा त्याच चुलीवरचा. 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत त्यावरून उत्तरेकडे सरकत होता.

वाईकर_तात्या:
म्हणजे विमानाचं भाडं भरून घरचाच दगड बघायला गेलो! असो. पण त्या कडेवर बसून डबा खाल्लाय आम्ही, अर्धा तास. हे उत्तर सध्या हिला वाचून दाखवत नाही.