दोन आठवड्यांचे ५,८०० डॉलर: लेकीला पाठवू की नको?

एडिसनची_आई
लोकहो, जरा घाईत सल्ला हवाय, शुक्रवारी डिपॉझिट भरायचंय. लेक दहावीत आहे. मागच्या महिन्यात एका नावाजलेल्या विद्यापीठातल्या समर प्रोग्रॅमचं पाकीट आलं. जाड क्रीम कागद, सोनेरी शिक्का, आणि आत 'आपल्या कन्येची निवड झाली आहे'. तिने अर्जच केला नव्हता, तर निवड कशातून झाली, हे माझ्या डोक्यात येईपर्यंत नवऱ्याने पत्र फ्रिजवर लावलंसुद्धा.

दोन आठवडे न्यूरोसायन्स, डॉर्ममध्ये राहणं-खाणं धरून ५,८०० डॉलर. विमानाचं तिकीट वेगळं. नवरा म्हणतो, कॉलेजच्या अर्जात एवढं मोठं नाव दिसलं की फरक पडतोच. लेकीला जायचंय कारण मैत्रीण चाललीये. न्यूरोसायन्स म्हणजे काय विचारलं तर "ब्रेनचं असतं ना काहीतरी!" साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर: "एवढ्यात आम्ही वरचा स्लॅब टाकला होता." कुणी पाठवलंय का मुलांना?

भाऊ_बॉस्टन
आम्ही पाठवलं होतं, अशाच एका ठिकाणी. डॉर्मला एसी नाही, पहिल्या रात्री साडेअकराला टेबलफॅन शोधत फिरलो. शिकवायला पीएचडीची मुलं होती. चांगली होती, पण माहितीपत्रकावरचे प्राध्यापक एकदाच येऊन गेले. सर्टिफिकेट पासपोर्टांच्या फाइलमध्ये पडलंय. पोरगा स्वतःचे कपडे धुवायला शिकला, हा खरा फायदा, आणि मी चेष्टा करत नाहीये. हौस म्हणून परवडत असेल तर खुशाल पाठवा. अॅडमिशनसाठी म्हणून नको. समर प्रोग्रॅम चालवणारं खातं वेगळं, अॅडमिशन ऑफिस वेगळं. कित्येकदा तर बाहेरची कंपनी वर्ग आणि डॉर्म भाड्याने घेते, विद्यापीठाचा संबंध जागेपुरता. पत्राच्या तळाची बारीक अक्षरं वाचा.

गणितवेडा
भाऊंना +१. फी आहे की नाही यापेक्षा गाळणी किती बारीक आहे ते बघा. एमआयटीतला आरएसआय, म्हणजे शाळकरी मुलांचा संशोधनाचा समर प्रोग्रॅम, १९८४ पासून चालू आहे, शिकवणीचे पैसे घेत नाहीत, पण जगभरातून शंभराच्या आसपासच मुलं घेतात. बॉस्टन युनिव्हर्सिटीचं प्रॉमिस (PROMYS) किंवा १९५७ पासूनचा रॉस प्रोग्रॅम, ही दोन्ही गणिताची उन्हाळी शिबिरं, इथे अर्जासोबत गणितं सोडवून पाठवावी लागतात. माझी भाची त्यातल्या एका गणितापायी नऊ दिवस जेवताना कुणाशी बोलली नाही. निवड झाली नाही, पण ते नऊ दिवस फुकट गेले असं तीही म्हणत नाही. तुम्ही एडिसनचे, म्हणजे न्यू जर्सीचे, तर ड्रू विद्यापीठातलं गव्हर्नर्स स्कूल, म्हणजे राज्याचा विज्ञानाचा समर प्रोग्रॅम, पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवा. ते अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात असतं, शाळेने नाव सुचवावं लागतं.

फ्रीमाँटवाली
आमचं घोडं व्हिसावर अडलं होतं. मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, त्यामुळे आइस्क्रीमच्या दुकानातली पगारी नोकरीही बंद, आणि काही फुकटचे चांगले प्रोग्रॅम फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना. सरळ कम्युनिटी कॉलेज (गावातलं स्वस्त सरकारी कॉलेज) गाठलं. कॅलिफोर्नियात कोर्सच्या दर युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर, शाळकरी मुलांना बहुतेक ठिकाणी तेही माफ. शेजारच्या बाकावर दोन पोरांचा बाप बसायचा, रात्रपाळी करून आलेला. त्याला बघून आमचे चिरंजीव वेळेवर उठायला लागले. अर्जात निबंध लिहिला तो त्याच वर्गावर.

एडिसनची_आई
सगळ्यांचे आभार. काल लेकीलाच फोन करायला लावला: शिकवणार कोण, आणि किती अर्ज नाकारता? पलीकडची बाई पहिल्यावर "लवकरच कळवू" म्हणाली. दुसऱ्यावर थोडी थांबली, मग म्हणाली, जागा भरत आल्यात, कार्ड नंबर देता का? लेकीनेच फोन ठेवला. पत्र फ्रिजवरून उतरलं, चुंबकाखाली आता दुधाचं बिल आहे. नवरा अजून गप्प आहे.

आमच्या काउंटी कॉलेजात, म्हणजे इथल्या कम्युनिटी कॉलेजात, जुलैमध्ये स्टॅटिस्टिक्स आहे, मैत्रीण नसतानाही लेक जायला तयार आहे. फॉर्मवर शाळेच्या काउन्सेलरची सही लागते म्हणे. ती सुट्टीवर जायच्या आत ईमेल करावी की मुलीला थेट तिच्या दारात उभं करावं? अनुभव असेल तर सांगा.