ढोराच्या ढेकरीले पुस्तिकेत काय म्हणावं?

कुटारवाली: लोकहो, अडचण हाय. एका संस्थेसाठी शेतकऱ्यांची पुस्तिका मराठीत करून राह्यली. 'एंटेरिक फर्मेंटेशन'पाशी गाडी अडली. म्हणजे गायी-म्हशीच्या पोटात चारा आंबते, त्याचा मिथेन होते, तो बाहेर पडून हवा तापवते, ते. कोश पाहून मी 'आंत्र किण्वन' लिहिलं. मामाले वाचून दाखवलं, चार म्हशी हायेत त्याच्याकडे, तर म्हणे "हा आतड्याचा रोग नवीन आला का? लस हाय का त्याची?" मग 'रवंथाचा वायू' केलं, संपादक म्हणतात चुकीचं. 'ढेकर' लिहिलं तर म्हणे चावट वाटते. काय करू?

ढोरडॉक्टर: संपादकाचं अर्धं बरोबर. रवंथ म्हणजे गिळलेला चारा परत तोंडात आणून चावणं, गॅस त्यानं नाही होत. तो कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात होतो. तिथले सूक्ष्मजीव चारा फोडतात, हायड्रोजन सुटतो, मग दुसरे जीव तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात. त्यातला ९० टक्क्यांच्या वर तोंडावाटेच जातो, लोक उगाच मागच्या बाजूले बोट दाखवतात. म्हणून 'आंत्र' मुळातच फसवा. 'कोटीपोटातली आंबवण' लिहा.

आखरावरचा: आंबवण नका लिहू डॉक्टर. लोक आंबोण, म्हणजे ढोराचा खुराक, वाचतील, अन् म्हणतील सरकार आता आंबोण बंद करते.

वऱ्हाडी मिरची: आमच्या गावात आंबोण कोन म्हनते? ढेप म्हना, सरकीची ढेप. आंबोण तिकडचा शब्द, घाटावरचा.

आर्वीकर: रवंथ शब्द सोडू नका हो, लय गोड हाय. तो 'रव' म्हणजे आवाज त्याच्यापासून आला. रात्री गोठ्यात झोपून पाहा, कचर कचर कचर ऐकू येते.

ओसरीवरचा पंडित: नाही. संस्कृत रोमन्थ, त्याचा रवंथ. पाणिनीच्या ३.१.१५ ह्या सूत्रात रोमन्थ आहे, 'रोमन्थायते' म्हणजे रवंथ करतो. रव-बिव काही नाही.

आर्वीकर: पाणिनी गोठ्यात झोपला होता का?

पुण्याची सून: माझं लग्न यवतमाळकडे झालंय, पहिल्या दिवाळीला सासूबाई म्हणाल्या "ढोरायले पाणी पाजून ये", मी दचकलेच. आमच्याकडे ढोर म्हणजे शिवी, शिवाय ते एका जातीचंही नाव आहे. पुस्तिकेत 'पशुधन' लिहा ना.

वऱ्हाडी मिरची: वा. भाकड गाय दोन वर्षं फुकट खाते, ते धन? ते हापिसातलं मराठी हाय. मी तर ढोरंच म्हनीन. अन् ताई, ढेकर आली का आला? आमच्याकडे आली. पुस्तकात 'ढेकर दिला' वाचलं का मले कसंसंच होते.

ओसरीवरचा पंडित: ढेकर पुल्लिंगी. 'आली' ही हिंदीच्या डकारची सावली.

वऱ्हाडी मिरची: मंग सावलीतच बसतो आम्ही, ऊन लय हाय इकडे.

ढोरडॉक्टर: चावट कशी म्हणता? न्यूझीलंडनं २०२२ साली ह्याच गॅसवर कर लावायचं ठरवलं, मराठी पेपरांनी सरळ 'ढेकर' छापलं. २०२४ साली त्यांनी तो बेत सोडला, पण शब्द राहिला. डेन्मार्क २०३० पासून लावतेच आहे. आणि मिथेन हवेत डझनभरच वर्षं टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशेबातही कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतो. आता कोणी चावट म्हणा.

आखरावरचा: आमच्यावर कर लावाल तर पावतीवर काय लिहाल, 'ढेकरपट्टी'? २०१९ च्या गणनेत देशात १९ कोटींच्या वर गायबैल अन् जवळपास ११ कोटी म्हशी होत्या, मोजायले मानूस कोनता ठेवता? एकेका बैलापाशी कान लावून बसाव लागन.

कुटारवाली: ते ठीक हाय, पण पान सातवर काय लिहू?

ढोरडॉक्टर: पान सातवर हे लिहा, की जितका राठ चारा तितका दुधाच्या लिटरमागे मिथेन जास्त. नुसत्या कुटारावर, म्हणजे भुशावर ठेवलेली म्हैस दूध कमी देते, ढेकरा मात्र देतच राहते. हिरवा चारा, ढेप, थोडी खुराकाची घडी बसवली की फरक पडतो.

आखरावरचा: हिरवा चारा कुठून आनू डॉक्टर? ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, लोकायनं वावरं केली, ज्वारी गेली तसा कडबा गेला, सोयाबीन आलं अन् आता त्याचंच कुटार. आमच्या लहानपणी सकाळी आखरावर सारी ढोरं जमत, गायकी त्यायले रानात घेऊन जाय. आता गायकीच भेटत नाही.

पुण्याची सून: गायकी? मी इतके दिवस समजत होते की तुमच्या गावात कोणाकडे तरी गाण्याचा वारसा आहे. "गायकी संपली" असं सासरे म्हणाले तेव्हा मी 'अरेरे, कोणत्या घराण्याची?' विचारलं होतं.

आर्वीकर: 😂 गुराखी म्हणतात तुमच्याकडे. आमच्याकडे ढोरकी पण म्हणतात. ढोरकी आणि गायकीत फरक हाय का कोणाले माहीत?

वऱ्हाडी मिरची: हाय. गायकी गावाचा, ढोरकी घरचा नोकर.

आखरावरचा: उलटं हाय ते.