१४ टीम फिरलेला जोश जॉन्सन: बॅकअप क्वार्टरबॅकचं करिअर चालतं तरी कसं?

सनीवेल_सच्या (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इथे ऑफिसात सोमवारी दुसरा विषयच नसतो म्हणून मी एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघायला लागलो आणि आता सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची मॅच असली की घरचे माझ्याशी बोलत नाहीत. जानेवारी २०२३ ची ती फिलाडेल्फियातली एनएफसी फायनल (जिंकला तो सुपर बोल या अंतिम मॅचला जातो) परवा परत बघितली, आमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) ब्रॉक पर्डी, त्याच्या कोपराला पहिल्याच ड्राइव्हमध्ये (बॉल मिळाल्यावरच्या चढाईत) लागलं आणि जोश जॉन्सन नावाचा ३६ वर्षांचा माणूस आत आला. नाव सर्च केलं तर टीमची यादी संपेचना, एनएफएलच्या ३२ टीम आहेत त्यातल्या १४ हा फिरलाय, आणि त्या मॅचपर्यंत स्टार्टर (सुरुवातीपासून खेळणारा) म्हणून खेळलेल्या मॅच पुरत्या दहाही नव्हत्या, जिंकली होती त्यातली एक. आपल्याकडे टूरवर राखीव विकेटकीपर नेतात तसं काहीतरी असेल हे कळतंय पण तो राखीव निदान एकाच टीमचा असतो ना. २००८ पासून हा माणूस टिकला कसा? दर वर्षी याला कोण आणि का बोलावतं? आणि आठवडाभर हे लोक करतात काय, नुसते टोपी घालून उभे राहतात का?

ओकलंडवाला

सच्या भाऊ, माझ्या आवडीचा विषय काढलास. जॉन्सन आमच्या ओकलंडचा, मार्शॉन लिंच या एनएफएल स्टारचा चुलत-मावस काय असेल तो भाऊ, दोघं ओकलंड टेक हायस्कूलचे. कॉलेज मात्र युनिव्हर्सिटी ऑफ सॅन डिएगो, जिथे फुटबॉलची स्कॉलरशिपच नसते, आणि तिथे कोच कोण तर जिम हारबॉ. २००७ च्या शेवटच्या सीझनला याने ४३ टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) टाकले आणि इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेला पास) फक्त १, छोट्या कॉलेजांविरुद्ध का असेना पण ४३ ला १ म्हणजे बघ. २००८ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची वार्षिक निवड) टॅम्पा बेने पाचव्या राउंडला घेतला. तिथे चार वर्षांत पाच मॅच स्टार्ट केल्या आणि पाचही हरला.

त्यानंतर जे सुरू झालं ते म्हणजे नुसतं बोचकं बांधणं आणि सोडणं. फोर्टीनाइनर्स, ब्राउन्स, बेंगल्स, परत फोर्टीनाइनर्स, मग २०१५ या एका वर्षात जेट्स, कोल्ट्स आणि बिल्स, मग रेव्हन्स, जायंट्स, टेक्सन्स, रेडर्स, वॉशिंग्टन, लायन्स, ब्रॉन्कोज. मध्ये मध्ये दुसऱ्या लीग पण, आणि गंमत बघ, २०१२ ला यूएफएलमध्ये सॅक्रामेंटोला गेला तर ती लीग त्याच सीझनला मध्येच गुंडाळली, एएएफमध्ये सॅन डिएगोने निवडला तर ती २०१९ ला अर्ध्यात बुडाली (तोवर हा एनएफएलमध्ये परत आला होता म्हणून वाचला), २०२० ला एक्सएफएलमध्ये लॉस एंजेलिसकडून खेळला तर कोविड आला. पायगुण म्हणावा तर एनएफएल तेवढी अजून चालू आहे 😀

पण डिसेंबर २०१८ चं ऐक. वॉशिंग्टनचा अॅलेक्स स्मिथ पाय मोडून गेला, दोन आठवड्यांत कोल्ट मॅकॉयचा पण पाय मोडला, मग मार्क सांचेझ, तो पण चालेना. जॉन्सनला बुधवारी सही करून घेतलं आणि रविवारी जायंट्सविरुद्ध ४०-० मागे असताना आत पाठवलं. टीममधल्या पोरांची नावं माहीत नाहीत म्हणून मॅडन व्हिडिओ गेमवर त्यांची टीम लावून नावं पाठ करत होता, हे तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. पुढच्या रविवारी जॅक्सनव्हिलविरुद्ध स्टार्ट मिळाली, २०११ नंतरची पहिली, आणि १६-१३ जिंकला, शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर (लाथेने मारलेल्या गोलवर). एनएफएलमध्ये आल्यावर दहा वर्षांनी पहिला विजय. मी घरात एवढा ओरडलो की खालचे वर आले.

जेट्सग्रस्त_अनघा

मी जेट्सची फॅन, त्यामुळे बॅकअप क्वार्टरबॅक हा माझा पीएचडीचा विषय समजा.

टोपी घालून उभे राहणं हे फक्त रविवारचं काम झालं. सीझन सुरू झाला की प्रॅक्टिसमध्ये आपल्या खऱ्या ऑफेन्सबरोबरचे जवळजवळ सगळे स्नॅप (प्ले म्हणजे आखलेली चाल सुरू होताना मागे दिला जाणारा बॉल) स्टार्टरच घेतो, वेळच नसतो दुसऱ्याला द्यायला. बॅकअपला मिळते स्काउट टीम. म्हणजे या रविवारी समोर क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स असेल तर आठवडाभर हा आपल्या डिफेन्ससमोर माहोम्सचं सोंग घेणार, कोच कार्डवर प्ले काढून दाखवणार तसा खेळणार. म्हणजे हात दुसऱ्याच्या प्लेबुकवर (चालींच्या वहीवर) चालवायचा आणि डोक्यात आपलं प्लेबुक तयार ठेवायचं, जे या आठवड्यात एकदाही धड खेळून बघितलेलं नसतं. माझ्या मते हे सगळ्यात अवघड आहे आणि टीव्हीवर कोणी सांगत नाही.

त्यात दर नव्या टीमला तीच रचना वेगळ्या नावाने हाक मारतात. कोच हेल्मेटच्या रेडिओत लांबलचक वाक्य सांगतो, प्ले क्लॉक (पुढचा प्ले सुरू करायचं घड्याळ) १५ सेकंदांवर आलं की रेडिओ बंद, तेवढ्यात ते वाक्य हडलमध्ये (खेळाडूंच्या घोळक्यात) न अडखळता बोलायचं, मग डिफेन्स बघून बदलायचं का ते ठरवायचं. दोन दिवसांपूर्वी आलेला माणूस हे करतो म्हणजे त्याने आधी डझनभर कोचांच्या पद्धती पचवलेल्या असतात, नवं शिकत नाही तो, जुन्यावरून ओळखतो. टीम पैसे त्याचे देते. शिवाय मीटिंगमध्ये विशीतल्या स्टार्टरच्या शेजारी बसून फिल्म बघणं, साइडलाइनला टॅबलेटवर त्याला फोटो दाखवणं, आणि त्याची जागा आपल्याला हवी आहे असं चुकूनही वाटू न देणं. हे शेवटचं सगळ्यांना जमत नाही बरं का.

आणि जॉन्सनला नुसता राखीव म्हणणाऱ्यांनी ४ नोव्हेंबर २०२१ ची कोल्ट्सविरुद्धची मॅच बघा. आमचा स्टार्टर माइक व्हाइट दुखापत होऊन बाहेर, हा आत आला आणि पास टाकून ३१७ यार्ड, ३ टचडाउन. हरलो म्हणा ४५-३०, ते आमचं नेहमीचं. त्याच डिसेंबरात रेव्हन्सने आमच्याकडून उचलला आणि थोड्याच दिवसांत सिनसिनाटीविरुद्ध स्टार्ट करून ३०४ यार्ड टाकले. तीही हरले, कारण समोर जो बरोने ५२५ टाकले.

मेरिलँडचे_काका

सगळं ठीक आहे पण तुम्ही लोक फारच गहिवरताय. त्या फिलाडेल्फियाच्या मॅचपर्यंत एक जिंकून आठ हरलेला माणूस आहे हो. मला विचाराल तर याला साधा शब्द आहे, वशिला. कॉलेजात जिम हारबॉ कोच, जिम फोर्टीनाइनर्सला गेला की हा तिथे, त्याचा भाऊ जॉन तेव्हा बाल्टिमोर रेव्हन्सचा कोच, तर हा रेव्हन्सकडे २०१६ ला, २०२१ ला, मग २०२३ ला परत. टीम १४ झाल्या पण दारं मोजकीच. आणि त्या फिलाडेल्फियाच्या मॅचमध्ये हाफटाइमच्या आधी साधा स्नॅप हातातून सुटला याच्या, तो ईगल्सने उचलला आणि लगेच टचडाउन केला, ७-१४ चं ७-२१ झालं. तिथे अनुभव कुठे गेला होता?

जेट्सग्रस्त_अनघा

काका, त्या टीमबरोबर त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. पहिला क्वार्टरबॅक ट्रे लान्सचा घोटा सप्टेंबरात मोडला, दुसऱ्या गरोपलोचं पाऊल डिसेंबरात, तेव्हा याला डेन्व्हरच्या प्रॅक्टिस स्क्वाडवरून (सरावापुरत्या ठेवलेल्या खेळाडूंतून) आणलं. पर्डी स्वतः ड्राफ्टचा २६२ वा म्हणजे शेवटचा खेळाडू, आणि हा त्याच्यामागचा, म्हणजे सीझनच्या सुरुवातीच्या हिशेबाने चौथा. त्या सेंटरच्या (बॉल मागे देणाऱ्याच्या) हातून स्नॅप घ्यायची सवय कधी होणार? बाकी वशिल्याचं म्हणाल तर हारबॉ भावांनी एकदा बोलावलं हे वशिल्याने समजू, परत परत बोलावलं ते काम बघूनच ना. कोच स्वतःची नोकरी पणाला लावून कोणाला फेव्हर करत नाही.

मेरिलँडचे_काका

बरं. पण ओळख नसलेले, याच्याइतकेच चांगले पाच जण घरी बसलेत त्यांचं काय, एवढंच म्हणणं आहे माझं.

हिशेबनीस

पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून येतो. बॅकअपमध्ये पण दोन जाती आहेत. एक चेस डॅनियलसारखे, २००९ ते २०२२, अख्ख्या करिअरमध्ये ५ स्टार्ट आणि कमाई साधारण ४ कोटी डॉलर. ड्रू ब्रीज या स्टार क्वार्टरबॅकच्या मागे राहून सिस्टिम शिकला आणि मग तीच सिस्टिम विकत फिरला, एकेका करारात गॅरंटी घेऊन. आमच्या ग्रुपवर त्याला जगातली सगळ्यात चांगली नोकरी म्हणतात.

जॉन्सन त्या जातीचा नाही. तो मिनिमम पगारावरचा. मिनिमम पण वाईट नाही म्हणा, २०२२ ला सात किंवा जास्त सीझन झालेल्याला ११ लाख २० हजार डॉलर होता, पण तो मिळतो आठवड्याच्या हिशेबाने, रोस्टरवर (टीमच्या यादीत) असाल तेवढे आठवडे. आणि यात एक खाच आहे, चार सीझन झालेला खेळाडू पहिल्या आठवड्याला रोस्टरवर असला तर त्याला पुढे काढलं तरी वर्षाचा पगार मागता येतो, म्हणून टीम कितीतरी जुन्या लोकांना मुद्दाम पहिल्या आठवड्यानंतर फोन करतात. तोपर्यंत घरी बसून स्वतःच्या खर्चाने व्यायाम करायचा, फोन येईल की नाही देव जाणे, आणि आला तर दुसऱ्या दिवशी विमानात. घर, बायको, पोरांची शाळा हे सगळं कुठल्या गावात ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. २०२० ला ईगल्सने जोश मॅकाउनला ४१ व्या वर्षी प्रॅक्टिस स्क्वाडवर ठेवलं ते तर टेक्ससमध्ये स्वतःच्या घरी बसवून, आठवड्याला १२ हजार डॉलर, का तर कोविडमध्ये सगळे क्वार्टरबॅक एकदम आजारी पडले तर एक तरी लांब सुरक्षित असावा. त्याला म्हणतात विमा.

सनीवेल_सच्या

वा, भारी माहिती. अनघा ताई, स्काउट टीमचं खरंच माहीत नव्हतं. मग रायन फिट्झपॅट्रिक पण याच गटातला का? तो पण खूप टीम फिरला ना? आणि त्या मॅचमध्ये जॉन्सनला पण डोक्याला लागलं तेव्हा पर्डीला तसाच परत आणला, त्याला बॉलच फेकता येत नव्हता, तिसरा ठेवायचा की.

ओकलंडवाला

फिट्झपॅट्रिक नाही, तो वेगळा प्राणी. हार्वर्डचा, सातव्या राउंडचा, ९ टीम आणि नऊच्या नऊ टीमकडून स्टार्ट केलेला, शंभराच्या वर मॅच स्टार्ट आहेत त्याच्या. भटक्या खरा पण बॅकअप म्हणता येणार नाही. प्लेऑफची (बाद फेरीची) मॅच मात्र एकही खेळला नाही, आणि निक फोल्ससारखा बॅकअप ईगल्सचा स्टार्टर वेन्ट्झ जखमी झाला म्हणून आत येऊन २०१८ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकून एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) होतो. नशीब नशीब.

तिसऱ्याचं म्हणशील तर त्या मॅचला नियमच तसा नव्हता. २०१० पर्यंत तिसऱ्या क्वार्टरबॅकची वेगळी सोय होती, ती काढून टाकली होती, त्यामुळे तिसरा हवा तर दुसऱ्या एखाद्या खेळाडूची जागा घालवावी लागायची. जॉन्सनला तिसऱ्या क्वार्टरमध्ये कन्कशन झालं, पर्डी नुसता बॉल हातात देण्यापुरता परत आला, ३१-७ हरलो. मे २०२३ ला मालकांनी नियम परत आणला, आता दोघंही दुखापतीने किंवा रेफरीने बाहेर काढल्यामुळे गेले तर तिसऱ्याला आणता येतं, पण कोचला आवडला नाही म्हणून नाही. पहिल्या दोघांपैकी एकाला डॉक्टरांनी परत पास केलं तर तिसऱ्याने बाहेर जायचं.