‘म्यूज’ला मराठीत काय म्हणायचं?

शुक्रतारा: फ्रेंच कवी लामार्तिनच्या ‘सरोवर’ कवितेवर लेख लिहितेय. १८१६ मध्ये फ्रान्समधल्या एक्स-ले-बँच्या गरम झऱ्यांवर उपचारांसाठी आलेली ज्युली शार्ल त्याला भेटली. विवाहित, क्षयाने पोखरलेली. पुढच्या ऑगस्टात तिथंच भेटायचं ठरलं, पण तिला अंथरुण सोडवेना. तो एकटाच तिथल्या बूर्जे सरोवराकाठी बसला, त्यातून कविता आली. डिसेंबरात ती गेली. कवीला कविता सुचवणारी अशी स्त्री म्हणजे ‘म्यूज’. तिच्यासाठी मी ‘स्फूर्तिदेवता’ लिहिलं, संपादकांनी ‘प्रेयसी’ केलं. पण प्रेयसी म्हटलं की कविताच गायब! काय लिहू?

खडूमास्तर: स्फूर्तिदेवता हा सत्काराच्या भाषणातला शब्द. “आमच्या मंडळाच्या स्फूर्तिदेवता वहिनीसाहेब.” ‘प्रेरणा’ लिहा.

दवबिंदू: आमच्या सोसायटीत तीन प्रेरणा आहेत. ‘परकीया’ का नको? घरचा शब्द आहे.

शुक्रतारा: परकीया म्हटलं की ती कुणाची बायको एवढंच कळतं. कवितेशी तिचं नातं काय, ते त्यात नाही.

पानसुपारी: ग्रीकांच्या त्या नऊ म्यूज देवी-बहिणींचं ओझं आपण का वाहायचं? आपली शारदा आहे.

दवबिंदू: शारदा सगळ्याच कवींची हो. ही एकट्या लामार्तिनची.

खडूमास्तर: जरा मुळाशी जा. ‘स्फुर्’ म्हणजे थरथरणं. बाहू स्फुरतात, तेच हे. आजी डोळा ‘लवतो’ म्हणायची, पुराणिकबुवा ‘स्फुरतो’. तेव्हा देवता काढा, नुसती ‘स्फूर्ती’ ठेवा.

पानसुपारी: म्हणजे डोळ्याचा आजार!

वायुपुत्र: थांबा, शार्ल? वायूच्या नियमातला चार्ल्स?

शुक्रतारा: तोच, तिचा नवरा झाक शार्ल. १७८३ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यात बसून पॅरिसवर उडाला होता. तिच्याहून जवळजवळ ३८ वर्षांनी मोठा.

वायुपुत्र: मग सरळ ‘चार्ल्स’ लिहा. अकरावीपासून तेच पाठ केलंय.

खडूमास्तर: अकरावीत चुकीचं शिकवलं तर जन्मभर तेच म्हणायचं? फ्रेंच माणूस आहे, शार्लच.

वायुपुत्र: मग पॅरिसला ‘पारी’ लिहा की!

पानसुपारी: रूढ झालं ते शुद्ध.

खडूमास्तर: हेच ‘स्फूर्तिदेवता’बद्दल म्हणाल का?

शुक्रतारा: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. शब्द?

खडूमास्तर: आधी सांगा, ‘म्यूज’मधला ऊ दीर्घ कुठल्या नियमाने?