कलासंग्रहालय बघायला जाताना : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

दिवाळीच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांना घेऊन एखादं मोठं कलासंग्रहालय बघायचं मनात आहे. सोबत पंच्याहत्तरी ओलांडलेले सासरे आणि यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेली मुलगी. आपल्याकडून पुणे, मुंबई, हैदराबाद तिन्ही आवाक्यात. तिकीट आणि वेळा कुठेही कळतात, मला ऐकायचंय ते जाऊन आलेल्यांकडून. कशापुढे थांबलात, काय सोडून दिलंत, वडीलधाऱ्यांचं आणि मुलांचं एकत्र कसं जमवलंत? सविस्तर लिहा, वाचायला आवडेल.

अशोक चौक, पूर्व भाग

ताई, सासरे बरोबर आहेत तर हैदराबादचं सालारजंग निवडा. गाडीने नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद असा सरळ रस्ता आहे, रेल्वेने हुसेनसागर एक्सप्रेस आहे. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, निम्मे नातेवाईक तिकडेच. तरी आजवर हैदराबाद म्हणजे लग्नकार्य उरकायचं, चारमिनारजवळ बांगड्या घ्यायच्या आणि परतीची गाडी धरायची. यंदा अम्मासाठी फक्त संग्रहालयाचा बेत केला. त्या दिवशी दुसरं काहीच ठेवलं नाही.

अम्माने उभं आयुष्य विड्या वळल्या. शाळेची पायरी चढलेली नाही. 'तिला त्यातलं काय कळणार?' असं एक-दोघं म्हणालेच. पण 'व्हेल्ड रिबेका'पुढे ती जी उभी राहिली, ती हलेना. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराने घडवलेली ही संगमरवरी बाई, साल १८७६. चेहऱ्यावरून झिरझिरीत पदर आलाय आणि त्याच्या आडून नाक, ओठ, खाली झुकलेली नजर सगळं दिसतं. पदरही दगडाचाच. अम्मा एकदा डावीकडून बघून आली, एकदा उजवीकडून. मग तिथल्या रखवालदाराला तिने तेलुगूत विचारलं, 'एवढं करायला किती दिवस लागले असतील?' हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेतलेल्या बाईचा प्रश्न होता तो. त्यालाही आकडा सांगता येईना, पण दोघं बराच वेळ बोलत राहिले. अम्माला इतकं खुललेलं मी फार दिवसांनी पाहिलं.

आता तुमच्या कामाचं. तिथे एक संगीत घड्याळ आहे. दर तासाला आतून एक छोटा दाढीवाला माणूस बाहेर येतो आणि घंटेवर टोल देतो. ते बघायला बसायची सोय आहे. बारा वाजता टोल सगळ्यात जास्त, त्यामुळे गर्दीही तेव्हाच. आम्ही पावणेबारालाच जाऊन बसलो. अम्माचे पाय मोकळे झाले, घड्याळही बघून झालं. नंतर तो लाकडी जोडपुतळा पाहिला, समोरून मेफिस्टोफिलिस हा गोष्टीतला सैतान आणि मागच्या आरशात मार्गारेटा ही साधी मुलगी, दोघं एकाच ओंडक्यातले. तिथून बाहेर. चिनी मातीची भांडी, युरोपियन फर्निचर वगैरे दालनं आम्ही घरूनच वगळून गेलो होतो.

दमाणी नगर

आधी वार बघा, मग रजा टाका. सालारजंग शुक्रवारी बंद असतं. मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कलादालन सोमवारी बंद, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड बुधवारी. शुक्रवार जोडून तीन दिवसांची सुट्टी घेणारे नेमके पहिल्याच दिवशी दारातून परत फिरतात.

चित्रकला शिक्षिका, जुळे सोलापूर

मुलगी एलिमेंटरीची, तेव्हा मी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या बाजूने. आमच्या शाळेच्या मुलांना मी तिथेच नेते. आधी पत्र पाठवते, मुलांची संख्या आणि इयत्ता कळवते. १९०५ मध्ये पायाभरणी झालेली, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची ही इमारतच पहिला अर्धा तास खाते, खाऊ द्यावा. घुमटाखाली उभं राहून वर बघायला सांगा. आतल्या कमानी विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर आहेत. आपल्या मुलांनी शाळेच्या सहलीत गोल घुमट पाहिलेला असतो, त्यामुळे 'बाई, हे तर तिकडचं!' असं कोणीतरी ओरडतंच. मुंबईत बुजलेली पोरं त्या क्षणी सैल होतात.

मुलांच्या हाती प्रश्नांचा कागद देऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. कागद मिळाला की ती पाटी वाचून उत्तरं उतरवतात, चित्राकडे बघतच नाहीत. मी एवढंच सांगते की लघुचित्रांच्या दालनात एकच चित्र निवडा आणि त्याच्यासमोर राहा. वहीच्या पानाएवढी चित्रं असतात ती, अगदी जवळ जावं लागतं. मंद्रूपकडची एक मुलगी झाडाची पानं मोजायला लागली. प्रत्येक पान सुटं, प्रत्येकाला गडद हिरवी कड, आणि सगळं झाड तळहाताएवढं. परत आल्यावर तिच्या स्मरणचित्रातलं झाड बदललं. आधी ती ब्रशने हिरवा ढग काढून मोकळी व्हायची.

दालनात उजेड कमी का, हेही मुलांना आधीच सांगा. प्रखर प्रकाशाने जुना कागद आणि रंग दोन्ही खराब होतात, म्हणून दिवे मंद ठेवतात. कारण कळलं की कुरकुर थांबते, डोळेही हळूहळू सरावतात.

जॅकार्ड डिझायनर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

आमचा धंदा चादरी-टॉवेलचा. मी ग्राफवर डिझाइन काढतो, त्यावरून मागाला नक्षी सांगणारी कार्डं पंच होतात. सालारजंगमध्ये लोक पुतळे आणि घड्याळाकडे पळतात, मी काश्मिरी शालींपुढे थांबलो. कानी शालीत आपल्यासारखा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. रंगागणिक छोट्या लाकडी काड्या, आणि प्रत्येक काडी आपापल्या जागेपुरतीच फिरते. कुठला रंग किती तारांवरून न्यायचा हे कारागीर एका लिखित सांकेतिक तक्त्यावरून वाचतात, त्याला तालीम म्हणतात. म्हणजे आमचं कार्ड जे काम करतं तेच, फक्त ते वाचून हाताने करायचं. माझं सगळं लक्ष एका कोयरीच्या कडेवर होतं. वळणावर एकही पायरी दिसत नव्हती. आमच्याकडे कितीही बारीक ग्राफ घेतला तरी वळणाला दाते पडतात. ती शाल उलटी करून बघायला मिळावी असं फार वाटलं, पण काचेआड आहे ते.

माझं सांगणं एवढंच की घरात ज्याच्या हाती जे काम आहे, त्याचं दालन आधी शोधा. सासरे काय करायचे?

होटगी रोड, गृहिणी

एका दिवसात उरकायचं असेल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. सकाळी हुतात्माने जायचं, रात्री त्याच गाडीने परत. डॉ. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हे उभं केलं आणि आयुष्यभर गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या. तेलचित्रांची मोठी दालनं इथे नाहीत. दिवे, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी असं सगळं आहे. मी तरी यालाच कला म्हणते. रोजच्या वापराच्या अडकित्त्याला कोणीतरी मोराची मान दिली, कोणी घोड्याचं तोंड दिलं, सुपारी तर त्याशिवायही कातरली असती.

आमच्या सासूबाईंना वाटेत झोप लागत होती, तिथे गेल्यावर त्याच पुढे. 'हे आमच्या माहेरी होतं, हे असं धरायचं,' करत नातवाला हाताने दाखवत होत्या. शेजारची दोन अनोळखी मुलंही त्यांच्यामागे फिरायला लागली. जिने आहेत, तेवढे आधी विचारात घ्या. सगळे मजले केलेच पाहिजेत असं नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा आम्ही बाहेर आल्यावर खाल्ला, जेवणासाठी हॉटेल शोधण्यात वेळ गेला नाही.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, बाळे

तिन्ही शहरं सोडून एक नाव सुचवतो. गोलगुंबज एक्सप्रेस आपल्या इथून थेट म्हैसूरला जाते. तिथे जगनमोहन पॅलेसमध्ये कलादालन आहे आणि त्यात आपल्या सावळाराम हळदणकरांचं, हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र आहे. कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेलं, आणि बहुतेक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. हळदणकर सावंतवाडीचे. चित्रासाठी त्यांची मुलगी समई धरून उभी राहिली होती.

मी गेलो तेव्हा ते अंधाऱ्या खोलीत ठेवलेलं होतं. ज्योतीच्या आड धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर दिसतात, आणि तोच उजेड हनुवटीखाली, पदराच्या काठावर पडतो. हे जलरंग आहेत, ताई. जलरंगात पांढरा उजेड म्हणजे बहुतेक वेळा कोरा ठेवलेला कागद. मुलीला हे जरूर दाखवा. प्रवास रात्रभराहून मोठा आहे, सासऱ्यांना खालचा बर्थ मिळेल असं आधीच बघा.

नवी पेठ

मुंबईला जाणार असाल तर एक जोड देतो. सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी लवकर सीएसएमटीला पोचवते आणि बाईंनी सांगितलेलं वास्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. मधला वेळ वडीलधाऱ्यांना फार जड जातो. स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात आंघोळ-चहा उरकून सामान तिथल्या क्लोक रूममध्ये ठेवा, मग टॅक्सी करा, अंतर थोडंच आहे. दुपारनंतर ताकद उरली तर शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी बघा. १९५२ पासून चालू आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि बऱ्याचदा ज्याची चित्रं भिंतीवर लागलेली असतात तो चित्रकार स्वतः तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. मुलीला तिची चित्रवही बरोबर घ्यायला सांगा. माझ्या भाचीने धीर करून तिची वही अशाच एका चित्रकारासमोर धरली होती. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि सावली कुठे पडेल ते कोपऱ्यात काढून दाखवलं.